उलटणाऱ्या तापाचा पीसीआर: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

चार-पाच दिवस सणसणून ताप, हुडहुडी, डोकं आणि पोटऱ्या ठणकणं, मग घामाघूम होऊन ताप एकदम खाली. आठवडाभर माणूस बरा असतो, कामालाही जातो, आणि एके दिवशी ताप उलटतो. मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, टायफॉइडच्या विडाल चाचणीवरून काहीच ठरत नाही. असा रुग्ण इथिओपिया, सेनेगल, टांझानिया, इस्रायल किंवा अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतून आलेला असेल, तर बोरेलिया जंतूंमुळे होणारा उलटणारा ताप, म्हणजे पाठ्यपुस्तकातला पुनरावर्ती ज्वर, डोक्यात यायलाच हवा.

रिअल-टाइम पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए चक्रागणिक वाढवून शोधण्याची पद्धत, येते, पण हा जंतू आजवर कधी शोधलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे. आफ्रिकेतल्या किंवा युरोपातल्या लॅबमध्ये काम करणारे मराठी तंत्रज्ञ, आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत परदेशातून आलेल्या तापाच्या रुग्णांचे नमुने हाताळणारे, सूक्ष्मजीवशास्त्राचे निवासी डॉक्टर. मशीनचा भाग तुम्ही दोन दिवसांत शिकाल. या तपासणीत चुका होतात त्या बहुतेक मशीनच्या आधी, रक्त कधी आणि कसं घेतलं यात. म्हणून खाली रक्ताबद्दल जास्त आणि यंत्राबद्दल कमी वाचायला मिळेल.

जंतूची थोडी ओळख

या तापाचे दोन मोठे गट आहेत. पहिला उवांचा. यातला जंतू बोरेलिया रिकरेंटिस. तो पसरवते ती ऊ डोक्यातली नसते, कपड्यांच्या शिवणीत राहणारी असते. खाजवताना ती चिरडली गेली की तिच्या अंगातले जंतू ओरखड्यातून आत शिरतात. माणसाखेरीज दुसरा कुठलाही प्राणी या जंतूला साठवून ठेवत नाही. आज त्याचं मुख्य ठाणं इथिओपिया आणि शेजारचे देश. २०१५ मध्ये इरिट्रिया-सोमालियाकडून लिबियामार्गे युरोपात पोचलेल्या निर्वासितांमध्ये तो जर्मनी, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, इटलीतल्या लॅबना सापडला. त्या लॅबमधल्या बऱ्याच जणांनी हे जंतू तोवर फक्त पुस्तकात पाहिले होते.

दुसरा गट गोचिडांचा. ऑर्निथोडोरस नावाच्या मऊ अंगाच्या गोचिडी रात्री झोपलेल्या माणसाला चावतात, अर्ध्या तासात पोट भरून परत भिंतीच्या फटीत किंवा उंदरांच्या बिळात जातात. चावा दुखत नाही, त्यामुळे ‘गोचीड चावली का?’ या प्रश्नाला रुग्ण हमखास ‘नाही’ म्हणतो. पश्चिम आफ्रिकेत बोरेलिया क्रोसिड्युरी, पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डटोनी, इस्रायल-इराणपासून मध्य आशियापर्यंत पर्सिका, अमेरिकेत हर्म्सी आणि ट्युरिकाटी. बोरेलिया मियामोटोई थोडा वेगळा गडी. तो कठीण कवचाच्या गोचिडींतून येतो, १९९५ मध्ये जपानमध्ये त्याचं वर्णन झालं, आणि माणसाला त्यामुळे आजार होतो हे २०११ मध्ये रशियातल्या रुग्णांवरून पुढे आलं.

आपल्याकडे हा ताप आज क्वचितच नोंदला जातो, पण त्याचा अभ्यास मात्र आपल्या भागात बराच झाला. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधून मुंबईत लोटलेल्या माणसांमध्ये तो पसरला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातले हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात हे मळसूत्री जंतू पाहिले. बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर यांना ते १८६८ मध्येच दिसले होते. त्यांनी ते प्रसिद्ध केलं १८७३ मध्ये. ताप चढलेला असताना जंतू दिसतात आणि उतरला की गायब होतात, हे तेव्हाच्या निरीक्षकांच्या ध्यानात आलं होतं. पुढे १९०७ मध्ये नाशिकच्या एका मिशनच्या वस्तीत साथ आली. मुलांमध्ये रुग्णही जास्त आणि उवाही जास्त, मुलींमध्ये दोन्ही कमी, असं पाहून एफ. पी. मॅकी यांनी उवेकडे बोट दाखवलं. ‘रुग्ण कुठे आणि कुणाबरोबर झोपतो’ हा प्रश्न म्हणजे मॅकींचाच प्रश्न. तो आजही नमुन्याच्या फॉर्मवर हवा.

ताप का उलटतो, याचं उत्तर पीसीआरसाठी कामाचं आहे. जंतूच्या अंगावरच्या मुख्य प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि बहुतेक जंतू मारले जातात. पण जंतूच्या जनुकसंचात त्याच प्रथिनाच्या कितीतरी वेगळ्या, गप्प बसलेल्या प्रती साठवलेल्या असतात. त्यातली एखादी चालू जागेवर येते, नवा अंगरखा घातलेले थोडे जंतू वाचतात, वाढतात, आणि ताप परत येतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, हे बदलतं जनुक पीसीआरसाठी कधीही निवडायचं नाही. दोन, दोन तापांच्या मधल्या दिवसांत रक्तात जंतू फारच थोडे असतात. पुढची निम्मी कटकट या दुसऱ्या गोष्टीतून येते.

पीसीआरच्या आधी स्लाइड

नवीन मंडळी स्लाइड टाळून थेट पीसीआरकडे धावतात. तसं करू नका. ताप चढलेला असताना घेतलेल्या रक्ताची जाड आणि पातळ फिल्म, गिम्सा रंग, शंभरचं ऑइल लेन्स, आणि वीस मिनिटांचा धीर. बोरेलिया लाल पेशींच्या बाहेर, त्यांच्यामध्ये, ढिल्या मळसूत्रासारखे दिसतात. लांबी साधारण १० ते ३० मायक्रॉन. मलेरियाचा परजीवी पेशीच्या आत असतो, त्यामुळे गल्लत होत नाही. गल्लत होते ती फायब्रिनच्या धाग्यांशी आणि रंगाच्या गाळाशी. आणि हो, मलेरिया सापडला म्हणून पाहणं थांबवू नका. आफ्रिकेत दोन्ही एकाच रक्तात सापडतात.

स्लाइडला मर्यादा आहे ती संख्येची. एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा हजार ते एक लाख जंतू असतील तरच ते भरवशाने दिसतात. उवांच्या तापात पहिल्या फेरीत संख्या बहुतेक वेळा त्याच्या वर जाते, म्हणून तिथे स्लाइड उत्तम चालते. गोचिडीच्या तापात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, संख्या कमी असते. मियामोटोईत स्लाइड बहुतेकदा रिकामीच जाते. तेव्हा पीसीआर लावायचा तो या वेळी: संशय पक्का पण स्लाइड निगेटिव्ह, ताप उतरल्यावर रुग्ण आला, मियामोटोईची शक्यता, किंवा स्लाइड पॉझिटिव्ह आहे आणि जात कोणती ते कळायला हवं.

स्लाइड पॉझिटिव्ह असेल तर उपचार पीसीआरसाठी थांबवू नयेत. हे वाक्य वॉर्डला फोनवर सांगायला लाजू नका.

प्रतिपिंडांच्या तपासणीबद्दल एवढंच: गोचिडींतूनच होणाऱ्या लाइम रोगाची चाचणी या तापात खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण दोन्ही बोरेलियाच. रुग्णाच्या फाइलमध्ये ‘लाइम पॉझिटिव्ह’ असा कागद असेल तर त्याला भुलू नका.

रक्त कधी, किती, कशात

लेखातली हीच पायरी सगळ्यांत महत्त्वाची. रक्त घ्यायचं ते ताप चढताना किंवा चढलेला असताना, आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. ताप उतरण्याच्या वेळी, म्हणजे रुग्णाला प्रचंड हुडहुडी भरून नंतर घाम फुटतो तेव्हा, जंतूंची संख्या काही तासांत कोसळते. सकाळी दहाला ताप १०४ होता, ओपीडीची गर्दी सरल्यावर दुपारी तीनला रक्त काढलं, तोवर घाम येऊन गेलेला असू शकतो. स्लाइडसाठी तो नमुना वाया गेला. पीसीआर तरी तग धरेल, पण नशिबावर. डॉक्सीसायक्लिनचा एक डोस पोटात गेला तरी तेच. जंतू काही तासांत रक्तातून नाहीसे होऊ लागतात.

ताप नसतानाच रुग्ण आला तर? तरीही रक्त घ्या, पीसीआर लावा, पण डॉक्टरांना आणि रुग्णाला दोघांनाही सांगून ठेवा की ताप परत आला की त्याच दिवशी, औषध घेण्याआधी, पुन्हा यायचं. पुढची फेरी कधी येईल याचा अंदाज बांधता येतो. उवांच्या तापात मधली बरी मुदत साधारण सात ते नऊ दिवस, गोचिडीच्या तापात आठवडाभराच्या आसपास. रुग्णाला तारीख लिहून दिली तर तो थर्मामीटर हाताशी ठेवतो.

ट्यूब ईडीटीएची, आपल्या भाषेत जांभळ्या झाकणाचा बल्ब. हेपरिनचा बल्ब नको, हेपरिन पीसीआरला आडवं येतं. सिरमवर पीसीआर जमतो, पण पहिली पसंती ईडीटीएमधल्या सबंध रक्तालाच. मोठ्या माणसाचं चार-पाच मिलि घ्या. लहान मुलाचं दोन मिलिही चालेल, त्याहून कमी मिळालं तर रिपोर्टमध्ये तसं नमूद करा. मज्जासंस्थेची लक्षणं असतील, मान आखडलेली किंवा चेहरा वाकडा, तर पाठीच्या मणक्यातलं पाणीही मागवा. त्यातही बोरेलियाचा डीएनए मिळू शकतो.

रक्त फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांवर ठेवायचं आणि शक्यतो दोन-तीन दिवसांत डीएनए काढायचा. त्याहून उशीर होणार असेल तर उणे वीसवर गोठवा, पण सगळं नाही. गोठवलेलं रक्त वितळलं की लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर पडतं, प्लाझ्मा वेगळा करता येत नाही आणि स्लाइडही करता येत नाही. म्हणून आधी स्लाइड करा, मग दोन-तीन छोट्या ट्यूबमध्ये वाटून त्यातल्या काही गोठवा. जिथे फ्रिजचीच वानवा आहे अशा खेड्यातल्या केंद्रांवरून फिल्टर पेपरवरचे वाळलेले रक्ताचे थेंब पाठवता येतात. सोय चांगली, पण थेंबात रक्त थोडं असल्यामुळे कमी जंतू असलेला रुग्ण त्यात निसटतो.

फॉर्मवर चार गोष्टी मागा: रक्त घेताना ताप किती होता, आजाराचा कितवा दिवस आणि तापाची कितवी फेरी, कुठलं अँटिबायोटिक कधी सुरू झालं, गेल्या तीन आठवड्यांत रुग्ण कुठे झोपला. शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात. पण मातीच्या भिंतीची झोपडी, गुहा, डोंगरातली लाकडी केबिन, निर्वासितांची छावणी, यांतलं प्रत्येक उत्तर वेगळ्या जंतूकडे नेतं. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावरच्या केबिनमध्ये राहिलेल्यांत १९७३ मध्ये मोठी साथ आली होती. हे पर्यटक पुढे आपापल्या गावी जाऊन आजारी पडतात, आणि तिथल्या डॉक्टरांना गोचिडीचा विचारही शिवत नाही.

पाच मायक्रोलिटरमध्ये किती जंतू?

निगेटिव्ह रिपोर्टवर सही करण्याआधी प्रत्येकाने हे गणित एकदा कागदावर करावं.

समजा रुग्णाच्या रक्तात मिलिलिटरला १००० जंतू आहेत. तुम्ही २०० मायक्रोलिटर रक्त घेतलं. त्यात २०० जंतू आले. डीएनए १०० मायक्रोलिटरमध्ये उतरवला, आणि काहीच वाया गेलं नाही असं धरलं, तर मायक्रोलिटरला २ प्रती. पीसीआरमध्ये ५ मायक्रोलिटर घातले, म्हणजे १० प्रती. चांगला पीसीआर या १० प्रती पकडतो.

आता मिलिलिटरला १०० जंतू धरा. तेच हिशेब, आणि पीसीआरच्या ट्यूबमध्ये सरासरी एक प्रत. सरासरी एक याचा अर्थ दर वेळी एक असा नाही. योगायोगाच्या नियमाने साधारण ३७ टक्के वेळा त्या ट्यूबमध्ये एकही प्रत पडणार नाही. म्हणजे रुग्णाच्या रक्तात जंतू आहेत, तुमचं तंत्र निर्दोष आहे, आणि तरीही तीनातली एक ट्यूब निगेटिव्ह.

प्रत्यक्षात काही जातींत एका जंतूत जनुकसंचाच्या अनेक प्रती असतात, हर्म्सीत हे दाखवलं गेलं आहे, त्यामुळे परिस्थिती थोडी बरी असते. पण डीएनए काढताना नुकसानही होतं, तेव्हा वरचा हिशेब धरून चालणं सुरक्षित.

उपाय हिशेबातच दिसतात. रक्त जास्त घ्या: २०० ऐवजी ५०० मायक्रोलिटर किंवा एक मिलि घेणारं किट वापरा. डीएनए कमी द्रवात उतरवा: १०० ऐवजी ५०. एकाच्या जागी तीन ट्यूब लावा. मधल्या तापहीन दिवसांतल्या नमुन्याला मी तीन ट्यूबशिवाय हात लावू नये असं म्हणेन. एकच ट्यूब लावून ‘निगेटिव्ह’ लिहिणं ही नुसती काटकसर झाली.

आणखी एक युक्ती, खर्च नसलेली. बोरेलिया पेशींच्या बाहेर, प्लाझ्मात पोहतात. रक्ताची ट्यूब अगदी हळू फिरवली तर लाल पेशी खाली बसतात आणि जंतू वर राहतात. तो प्लाझ्मा नव्या ट्यूबमध्ये घेऊन जोरात फिरवला की जंतू तळाला येतात. तळाच्या गाळातून स्लाइडही करता येते आणि डीएनएही काढता येतो. हिमोग्लोबिनचा त्रासही कमी. उलट याच कारणाने, रॅकमध्ये तासभर उभ्या राहिलेल्या ट्यूबमधून थेट तळाचं रक्त उचललं तर जंतू वरच राहून जातात. सबंध रक्त वापरणार असाल तर ट्यूब आठ-दहा वेळा हळुवार उलटीपालटी करा, मगच पिपेट घाला.

डीएनए काढणं

कुठलंही चांगलं कॉलम किंवा चुंबकीय मण्यांचं किट चालतं. बोरेलियाचं आवरण नाजूक आहे, क्षयाच्या जंतूसारखी फोडाफोडी लागत नाही. किटच्या कागदावर लिहिलंय ते करा.

इशारा मात्र एक. पेशी फोडणाऱ्या लायसिस बफरमध्ये ग्वानिडिनचे क्षार असतात. त्यात ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पडलं तर विषारी वायू तयार होतो. सांडलेलं रक्त ब्लीचने पुसायची सवय आपल्या सगळ्यांना असते. बफर सांडला असेल तर आधी पाण्याने आणि साबणाने पुसा. रक्त स्वतःही धोकादायक आहे. ताप चढलेल्या रुग्णाच्या रक्तात जिवंत जंतू लाखांनी असतात, आणि सुई टोचून किंवा जखमेवर रक्त पडून लॅबमधल्या माणसांना हा ताप झालेला आहे. हातमोजे, सेफ्टी कॅबिनेट, आणि सुईला टोपण परत लावायचं नाही.

प्रत्येक तुकडीबरोबर एक रिकामी ट्यूब, रक्ताऐवजी पाणी घालून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न्या. डीएनए काढताना एका नमुन्यातून दुसऱ्यात काही गेलं का, ते हीच ट्यूब सांगते. पीसीआरच्या वेळी घातलेलं पाणी ते सांगू शकत नाही.

कोणतं जनुक धरायचं

इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो, कारण प्रकाशित पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येक लॅब आपलीच चांगली म्हणते.

१६एस राइबोसोमल आरएनएचं जनुक सगळ्या बोरेलियांत आहे आणि फारसं बदलत नाही. त्यामुळे सगळ्या जाती एका जाळ्यात पकडायला ते बरं. पण तेच जाळं लाइमचे बोरेलियाही पकडतं, आणि जवळच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायला त्याचा उपयोग कमी. फ्लॅजेलिनचं जनुक थोडं जास्त बदलतं, म्हणून पकडणं आणि ओळखणं दोन्हींसाठी वापरतात. आणि तिसरं, मला सगळ्यांत आवडणारं, जीएलपीक्यू. हे उलटणाऱ्या तापाच्या गटात आहे, मियामोटोईतही आहे, पण लाइमच्या गटात नाही. युरोप-अमेरिकेत जिथे दोन्ही आजार आहेत तिथे या एका फरकाने बराच वाद मिटतो.

माझी शिफारस: पहिली चाळणी १६एसवर, पॉझिटिव्ह आलं की जीएलपीक्यू किंवा फ्लॅजेलिनवर पडताळणी. दोन वेगळ्या जनुकांनी एकच उत्तर दिलं की झोप चांगली लागते.

बाजारातलं तयार किट वापरणार असाल तर ‘बोरेलिया पीसीआर’ एवढ्या नावावर जाऊ नका. बरीच किटं लाइमसाठी बनवलेली असतात आणि रिकरेंटिस किंवा क्रोसिड्युरी त्यांना दिसतही नाही. कंपनीला लेखी विचारा, कुठल्या जातींवर तपासलं आहे. स्वतः प्रायमर, म्हणजे जनुकाचा ठरावीक भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, मागवणार असाल तर ते रिकरेंटिस, डटोनी, क्रोसिड्युरी, हिस्पॅनिका, पर्सिका, हर्म्सी, ट्युरिकाटी आणि मियामोटोई यांच्या जनुकक्रमांशी ओळीने जुळवून पाहा. प्रायमरच्या शेवटच्या तीन-चार अक्षरांत एकही चूक नको.

जात ओळखण्यासाठी पीसीआरचा तुकडा सँगर पद्धतीने वाचून घेतात. १६एस आणि २३एस यांच्या मधला पट्टा आफ्रिकेतल्या जातींसाठी उपयोगी पडतो. पण रिकरेंटिस आणि डटोनी इतके सख्खे आहेत, २००८ मध्ये दोन्हींचे जनुकसंच वाचल्यावर रिकरेंटिस हा डटोनीचाच काही जनुकं गमावलेला भाऊबंद असल्याचं दिसलं, की एका छोट्या तुकड्यावरून त्यांच्यात फरक करण्याचा हट्ट धरू नये. इथे फॉर्मवरचा प्रश्न कामी येतो. इथिओपियातून आलेला, कपड्यांत उवा असलेला माणूस आणि टांझानियाच्या खेड्यात मातीच्या झोपडीत झोपलेला माणूस यांच्यातला फरक अनेकदा डीएनएपेक्षा त्यांच्या प्रवासातून स्पष्ट होतो.

रन लावताना

तापमानाचा कार्यक्रम नेहमीचाच: ९५ अंशांवर एन्झाइम जागं करणं, मग ९५ अंशांवर १५ सेकंद आणि ६० अंशांवर एक मिनिट, अशी ४० ते ४५ चक्रं. तुमच्या मास्टर मिक्सच्या, म्हणजे पीसीआरच्या तयार मिश्रणाच्या, कागदावर वेगळं असेल तर तेच खरं.

कंट्रोल्सवर मात्र कंजुषी नको. डीएनए काढतानाची रिकामी ट्यूब, पीसीआरचं नुसतं पाणी, पॉझिटिव्ह कंट्रोल, आणि प्रत्येक नमुन्यात अंतर्गत कंट्रोल. शेवटचा म्हणजे माणसाचं एखादं जनुक किंवा मुद्दाम घातलेला परका डीएनए. अंतर्गत कंट्रोल उशिरा आला किंवा आलाच नाही, तर नमुन्यात काहीतरी पीसीआर अडवतंय, बहुधा हिमोग्लोबिन. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. अंतर्गत कंट्रोल फेल आणि बोरेलिया निगेटिव्ह, याला निगेटिव्ह म्हणत नाहीत. याला ‘तपासणी होऊ शकली नाही’ म्हणतात.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून जुन्या रुग्णाचं जंतूंनी भरलेलं रक्त वापरायचा मोह आवरा. कृत्रिम डीएनएचा तुकडा मागवा, आणि तो इतका पातळ करा की सीटी, म्हणजे कितव्या चक्राला सिग्नल दिसतो तो आकडा, ३० ते ३३ च्या आसपास येईल. १८ ला येणारा कंट्रोल दिसतो झकास, पण त्याचा एक थेंब उडाला तर आठवडाभर सगळं पॉझिटिव्ह येत राहतं. मिक्स बनवायची जागा, डीएनए घालायची जागा आणि पीसीआर झालेल्या ट्यूब ठेवायची जागा वेगळ्या ठेवा. झालेली ट्यूब उघडूच नये.

नवी पद्धत सुरू करण्याआधी तिची पकड मोजून ठेवा. कंट्रोल पातळ करत जा, प्रत्येक पातळीच्या २० ट्यूब लावा, आणि ज्या पातळीला २० पैकी १९ पॉझिटिव्ह येतात ती तुमची मर्यादा. मोजणी शुद्ध पाण्यात नको, निरोगी माणसाच्या रक्तात कंट्रोल मिसळून करा.

निकाल वाचताना

सीटी २२ ते ३० च्या दरम्यान, वक्र उभा चढणारा, कंट्रोल सगळे ठीक: हे सोपं. जंतू भरपूर आहेत; स्लाइड परत बघा, बहुधा सापडतील. सीटीत साधारण ३.३ चा फरक म्हणजे दहापट कमी-जास्त, हे लक्षात ठेवलं की आकड्याला अर्थ येतो.

सीटी ३६ च्या पुढे, तीनपैकी एकच ट्यूब पॉझिटिव्ह: इथे घाई नको. दोन शक्यता असतात, खरोखर थोडे जंतू किंवा उडालेला थेंब. मूळ रक्तातून नव्याने डीएनए काढा, दुसऱ्या जनुकावर लावा. त्याच रनमध्ये शेजारच्या खान्यात जोरदार पॉझिटिव्ह होता का, तेही पाहा. रुग्ण तापाच्या मधल्या दिवसांत असेल तर उशिराचा सीटी अपेक्षितच असतो. म्हणून फॉर्म समोर नसताना असा निकाल वाचू नये. पुन्हा लावूनही कोडं सुटलं नाही तर ‘अनिर्णित, ताप आल्यावर नवा नमुना पाठवा’ असं सरळ लिहा.

स्लाइड पॉझिटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह: चूक तुमच्याकडे आहे असं धरून सुरू करा. अडवणारं द्रव्य, न जुळणारे प्रायमर, अदलाबदल झालेली ट्यूब. या तिन्हींतून काहीच निघालं नाही तरच स्लाइडवर शंका घ्या, आणि ती दुसऱ्या माणसाला दाखवा.

उपचारानंतरचा पॉझिटिव्ह: मेलेल्या जंतूंचा डीएनए थोडा काळ रेंगाळू शकतो. औषध लागू पडलं का, हे ताप सांगतो. त्यासाठी रोज पीसीआर लावण्यात हशील नाही.

ताप नसताना घेतलेल्या नमुन्याचा निगेटिव्ह रिपोर्ट नुसता ‘निगेटिव्ह’ म्हणून कधीच जाऊ देऊ नका. त्याखाली एक ओळ हवी: ‘नमुना ताप नसताना घेतलेला आहे, या निकालावरून आजार नाही असं म्हणता येत नाही.’ अँटिबायोटिकनंतरच्या नमुन्यालाही तशीच ओळ.

रिपोर्टबरोबरचा फोन

पॉझिटिव्ह निकाल संगणकावर टाकून मोकळं होऊ नका, वॉर्डला फोन करा. पहिला डोस दिल्यावर काही तासांतच रुग्णाला जोराची हुडहुडी भरते, ताप उसळतो, रक्तदाब घसरू शकतो. एकदम मेलेल्या जंतूंवर शरीराने दिलेली ही प्रतिक्रिया, यारिश-हर्क्सहायमर नावाची, रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा पहिला डोस देऊन रुग्णाला घरी पाठवण्याजोगा हा आजार नाही. काही तास नजरेखाली ठेवावं लागतं. अनुभवी डॉक्टरांना हे माहीत असतं, पण ज्या रुग्णालयात असा रुग्ण वर्षानुवर्षं आलेला नाही तिथे ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरांना माहीत असेलच असं नाही. गोचिडीच्या तापात औषध सात ते दहा दिवस चालतं, उवांच्या तापात बहुतेकदा एका डोसात भागतं, म्हणून जात कळली असेल तर तीही त्याच फोनवर सांगा.

रिकरेंटिस असेल तर आणखी एक विचारणा करायची: रुग्णाबरोबर एकाच खोलीत कोण कोण राहतं, आणि कपडे गरम पाण्यात धुतले गेले का. त्या सोबत्यांपैकी कुणाला ताप असेल तर त्यांचं रक्त आजच मागवा, ताप चढलेला असताना, जांभळ्या बल्बमध्ये. उरलेला डीएनए तारीख आणि नमुना क्रमांक टाकून उणे वीसवर ठेवा. जनुकक्रम वाचून घ्यायचा असेल किंवा मोठ्या लॅबला पडताळणीसाठी पाठवायचा असेल, तर तोच लागतो.